रंगभूमी, रुपेरी पडदा आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात काय बोलावे असे मी चिटणीससाहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "मुलांना रस वाटेल आणि पालकांना विचार करावा लागेल असे काही तरी बोला." मुलांना रस कशात वाटतो हे आपण सर्व जाणतोच. हातातल्या मोबाइलवर ती काय पाहतात हे त्यांना विचारण्याची गरज नाही. म्हणून मी नटनट्यांचा विषय निवडला. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर सिनेमा-नाटकातल्या माणसांची चर्चा कशाला, असे काही बुजुर्गांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की शेवटपर्यंत ऐकून घ्यावे आणि मग निर्णय द्यावा.

आपल्या समाजात या विषयावर दोन टोकांची मते आढळतात. एक मत असे की नाटक-सिनेमा हा नादान लोकांचा धंदा आहे, खानदानी घरातल्या मुलाने आणि विशेषतः मुलीने त्याचे नावही काढू नये. दुसरे मत तरुणांचे. शाळा-कॉलेजात वेळ घालवून काय मिळणार, अमुक नट कोठे शिकला होता, चेहरा बरा असला आणि नशीब जोरावर असले की झाले. पहिले मत मुलाची हौस मारून टाकते. दुसरे मत मुलाची शाळा सोडवते. गंमत अशी की दोन्ही मते बाळगणाऱ्यांनी या कलावंतांची चरित्रे वाचलेली नसतात. ती वाचली तर दोघांनाही आपले मत तपासून पाहावे लागेल. आज मी अशा काही कलावंतांची ओळख करून देणार आहे. ही सर्व माणसे विसाव्या शतकातली आहेत आणि आज यांतले कोणीही हयात नाही. त्यामुळे त्यांच्या आयुष्याचा हिशेब पुरा झालेला आहे. तो आपण शांतपणे मांडू शकतो.

आधी थोडा इतिहास. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट लागला. त्यात नायिका होती झुबेदा आणि नायक होते मास्टर विठ्ठल. झुबेदा या फातमा बेगम यांची कन्या. या फातमा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' हा मूकपट दिग्दर्शित केला आणि हिंदुस्थानातली पहिली स्त्री दिग्दर्शक होण्याचा मान मिळवला. मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या काळातले मोठे लोकप्रिय नट. तलवारबाजी, घोडदौड यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण चित्रपट बोलू लागला आणि संवादांच्या भाषेत ते कमी पडले. त्यामुळे त्या चित्रपटातल्या बऱ्याच प्रसंगांत नायक बेशुद्धीच्या किंवा गुंगीच्या अवस्थेत दाखवावा लागला असे सांगतात. या एका गोष्टीत आजच्या माझ्या भाषणाचा निम्मा आशय आहे. रूप होते, हिंमत होती, नाव होते. पण भाषेची तयारी नव्हती, आणि तेथे गाडी अडली.

आता पहिले नाव घेतो ते आपल्या सोलापूर जिल्ह्यातले. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे एका गरीब मुसलमान घरात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव मेहबूब हुसेन पटेल. साऱ्या महाराष्ट्राने त्याला ओळखले ते शाहीर अमर शेख या नावाने. घरी दारिद्र्य. कॉलेजची पायरी चढण्याचा प्रश्नच नव्हता. मोटारगाडीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत मजुरी केली. गिरणीच्या संपात पुढाकार घेतला म्हणून तुरुंगवासही भोगला. पण या मुलाजवळ एक ठेवा होता आणि तो आईने दिलेला होता. त्यांची आई मुनेरबी. तिला ओव्या आणि लोकगीते तोंडपाठ होती. त्या ओव्या ऐकत मेहबूब वाढला आणि मराठी मातीचा सूर त्याच्या गळ्यात उतरला. आईला आपण अशिक्षित म्हणतो. पण ती मुलाची पहिली पाठशाळा होती याचा आपल्याला विसर पडतो.

पुढे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर अमर शेख यांनी लाल बावटा कलापथकातून गावोगाव कार्यक्रम केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा पहाडी आवाज सभा-सभांतून घुमला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच्या श्रेयात या शाहिरांचा मोठा वाटा आहे. आचार्य अत्रे यांनी त्यांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटले होते. त्यांनी कविता लिहिल्या, 'पहिला बळी' हे नाटक लिहिले, १९६१ साली आलेल्या 'प्रपंच' या मराठी चित्रपटात भूमिका केली. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. मराठी ही आपली भाषा नव्हे, असे आपल्यातले काही जण अजूनही मनातल्या मनात म्हणतात. आणि मुसलमानाला मराठी काय येणार, असे बाहेरचे काही जण उघड म्हणतात. या दोघांनाही अमर शेख हे एकच उत्तर पुरेसे आहे. त्यांच्या गळ्यातून महाराष्ट्र बोलला, आणि ऐकणाऱ्याने आधी त्यांचे नाव विचारले नाही.

आता मुलींकडे वळतो, कारण आज बक्षिसे घेणाऱ्यांत मुलींचीच संख्या जास्त दिसते आहे. २७ एप्रिल १९१२ रोजी सहारनपूर येथे रामपूरच्या रोहिला पठाण खानदानात साहिबजादी जोहरा बेगम मुमताजुल्ला खान यांचा जन्म झाला. आपण त्यांना जोहरा सेहगल म्हणून ओळखतो. आई लहानपणीच वारली. पण मुलींना लाहोरला पाठवून शिकवावे, ही तिची इच्छा होती आणि घरच्यांनी ती पाळली. लाहोरचे क्वीन मेरीज कॉलेज ही पडदा पाळणारी, कडक शिस्तीची संस्था. तेथले शिक्षण संपल्यावर मामांनी भाचीला युरोपात नेण्याचे ठरवले. हे मामा-भाची मोटारीने निघाले. इराण, पॅलेस्टाइन, सीरिया ओलांडून ते इजिप्तला पोहोचले आणि अलेक्झांड्रियाहून बोटीने युरोपला गेले. १९३० च्या सुमाराची ही गोष्ट आहे. जर्मनीत ड्रेस्डेन येथे मेरी विगमन यांच्या नृत्यशाळेत जोहरा तीन वर्षे शिकल्या. त्या शाळेत शिकणाऱ्या त्या पहिल्या हिंदी विद्यार्थिनी. १९३५ मध्ये त्या उदयशंकर यांच्या नृत्यपथकात सामील झाल्या आणि जपानपासून अमेरिकेपर्यंत त्यांनी कार्यक्रम केले. नंतर अल्मोड्याच्या उदयशंकर केंद्रात त्यांनी शिक्षिकेचे कामही केले.

१९४५ पासून सुमारे चौदा वर्षे त्या पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये होत्या. त्यांची धाकटी बहीण उज्रा ही त्याच कंपनीची प्रमुख अभिनेत्री. ही कंपनी रेल्वेने देशभर फिरे. गावोगावचे मुक्काम, रोजची तालीम, संध्याकाळी प्रयोग आणि प्रयोग संपल्यावर स्वतः पृथ्वीराज झोळी पसरून दाराशी उभे राहत आणि गरजूंसाठी मदत गोळा करीत. 'दीवार' आणि 'पठाण' ही नाटके फाळणीच्या त्या काळ्या दिवसांत हिंदू-मुसलमानांच्या भाईचाऱ्याची बाजू रंगमंचावरून मांडत होती. युरोपात शिकून आलेल्या, जगभर टाळ्या घेतलेल्या जोहरांनी या कंपनीत नृत्ये बसवली, मिळतील त्या भूमिका केल्या.

१९५९ मध्ये पती कामेश्वर सेहगल यांचे निधन झाले. दोन मुले पदरात. १९६२ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या नाट्यशिक्षणाच्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. तेथे लहानसहान कामे करीत पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. १९८४ सालच्या 'द ज्वेल इन द क्राउन' या दूरदर्शन मालिकेमुळे विलायतेत घरोघर त्यांची ओळख झाली, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. मायदेशी परतल्यावर 'दिल से', 'चीनी कम' अशा चित्रपटांतून नव्या पिढीने त्यांना पाहिले. २०१० मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १० जुलै २०१४ रोजी वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलीला लांब शिकायला पाठवले तर ती हाताबाहेर जाईल, अशी भीती अनेक आईबापांना वाटते. जोहरांच्या आईला ती वाटली नाही. मुलीच्या पायावर उभे राहण्याची बेगमी त्या आईने आधीच करून ठेवली होती. नवरा गेला, देश बदलला, वय झाले. तरी त्या कोणापुढे हात पसरायला गेल्या नाहीत. शिकलेली विद्या त्यांच्याबरोबर होती.

तिसरे नाव सांगण्याची गरजच नाही. ११ डिसेंबर १९२२ रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजाराजवळ एका फळांच्या व्यापाऱ्याच्या घरी यूसुफ खान यांचा जन्म झाला. वडील लाला गुलाम सरवर खान धंद्यासाठी मुंबईत आले, कुटुंब काही काळ नाशिकजवळच्या देवळालीस राहिले. देवळालीच्या बार्न्स स्कूलमध्ये यूसुफ शिकले. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेत शिकले. १८७४ साली स्थापन झालेल्या, मुसलमानांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या त्या जुन्या संस्थेचे ते विद्यार्थी. पुढे खालसा कॉलेज. त्या वयात त्यांना फुटबॉलचे वेड होते, सिनेमाचे नव्हते. वडिलांशी काही खटका उडाला म्हणून ते पुण्याला निघून गेले. तेथे लष्करी कँटीनमध्ये नोकरी धरली, सँडविच विकण्याचा जोडधंदा केला आणि सुमारे पाच हजार रुपये शिल्लक टाकून घरी परतले.

१९४२ मध्ये त्यांच्या ओळखीच्या डॉ. मसानी यांनी त्यांना मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये देविका राणींकडे नेले. आत्मचरित्रात दिलीपकुमार सांगतात की देविका राणींनी त्यांना जे मोजके प्रश्न विचारले त्यात एक प्रश्न उर्दू चांगली येते का, हा होता. विद्यार्थिमित्रांनो, हे ध्यानात ठेवा. त्या क्षणी त्यांच्याजवळ अभिनयाचा काडीचा अनुभव नव्हता. त्यांच्याजवळ जी भाषा होती ती मात्र घरात आणि शाळेत मिळालेली होती. दरमहा १२५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. १९४४ मध्ये 'ज्वार भाटा' आला. नाव बदलून दिलीपकुमार ठेवले गेले. ते यूसुफना सोयीचेच झाले, कारण वडिलांना हा व्यवसाय मुळीच पसंत नव्हता. पृथ्वीराज कपूर यांचे वडील बशेश्वरनाथ हे त्यांचे मित्र. मुलगा नाटकवाला झाला म्हणून गुलाम सरवर खान त्यांची थट्टा करीत. आणि शेवटी त्याच मित्राने 'जुगनू'ची जाहिरात दाखवून, बघा, तुमचा मुलगाही त्याच वाटेने गेला, असे सांगितले. वडील काही काळ दुखावले, पुढे निवळले.

दिलीपकुमार यांच्या कामाबद्दल आपण सर्वांनी ऐकले आहे, पण त्यामागच्या मेहनतीबद्दल कमी ऐकले आहे. 'कोहिनूर'मध्ये सतार वाजवण्याचा प्रसंग होता. वाद्यावर बोटे नुसती फिरवून भागले असते. त्यांनी कित्येक महिने सतार शिकून घेतली, मगच तो प्रसंग केला. शोकांतिका करून करून मनावर ताण आला तेव्हा लाज न बाळगता त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि 'आझाद', 'कोहिनूर' अशा हलक्याफुलक्या भूमिकांकडे वळले. मनाच्या आजाराचे नाव काढले की आपल्या घरांत अजूनही दार लावून घेतात; या माणसाने सत्तर वर्षांपूर्वी काय केले ते पाहा. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरमध्ये 'मुगल-ए-आझम' प्रदर्शित झाला, १९६१ मध्ये 'गंगा जमना' आला. पहिल्यामध्ये दरबारी उर्दू, दुसऱ्यामध्ये खेड्यातली अवधी-भोजपुरी वळणाची बोली, आणि दोन्ही त्याच एका माणसाच्या तोंडी. ते मुंबईचे शेरीफ झाले, राज्यसभेचे सदस्य झाले, दादासाहेब फाळके पुरस्काराचे आणि पद्मविभूषणचे मानकरी झाले. ७ जुलै २०२१ रोजी ते गेले. परंतु वाचनाची आवड, अदब आणि जबानीची सफाई हे जे त्यांचे वैभव होते ते कोणत्याही पुरस्काराने दिलेले नव्हते.

चौथे नाव कादर खान यांचे. हे नाव मी मुद्दाम घेतो, कारण या सभागृहातल्या अनेक मुलांना त्यांचे बालपण जवळचे वाटेल. काबूलमध्ये जन्म. आईबाप मुंबईत येऊन कामाठीपुऱ्यात राहिले. आईबापांची ताटातूट, सावत्र वडील, आठवड्यातले काही दिवस उपास. हे सर्व त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे. इतर मुलांप्रमाणे आपणही कारखान्यात जाऊन चार पैसे मिळवावेत असे मनात आणून ते एक दिवस घरातून निघाले. आईने अडवले. आज तू गेलास तर रोजचे तीन-चार रुपये आणशील आणि जन्मभर तेवढेच आणीत राहशील. ही गरिबी घालवायची असेल तर शिक, अशा अर्थाचे ती बोलली. मुलगा मागे फिरला. ज्या घरात उद्याच्या भाकरीची खात्री नाही त्या घरातल्या बाईने दारात आलेली कमाई परत पाठवली. आपण शिक्षणासाठी त्याग केला असे म्हणतो तेव्हा या माउलीची आठवण ठेवावी.

लहानपणी रात्री जवळच्या दफनभूमीत एकटेच बसून हा मुलगा मोठमोठ्याने बोलण्याचा सराव करी. तेथेच अश्रफ खान या रंगकर्मींची नजर त्याच्यावर पडली आणि त्याला नाटकात पहिले काम मिळाले. पण त्यामुळे शिक्षण सुटले नाही. सर मोहम्मद युसूफ यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ कॉलेजात ते शिकले, पुढे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि भायखळ्याच्या साबू सिद्दीक येथे स्थापत्य अभियांत्रिकीचे अध्यापक झाले. दिवसा वर्गात बांधकामाचे गणित आणि संध्याकाळी मुलांना घेऊन नाटकाची तालीम. त्यांच्या 'ताश के पत्ते' या नाटकाची कीर्ती ऐकून स्वतः दिलीपकुमार ते पाहायला गेले. अंजुमनच्या शाळेतला जुना विद्यार्थी अंजुमनच्याच साबू सिद्दीकमधल्या मास्तरांचे नाटक पाहायला गेला, असा हा योग. एका नाट्यस्पर्धेत राजिंदरसिंह बेदी आणि कामिनी कौशल परीक्षक होते. तेथल्या यशातून त्यांना 'जवानी दीवानी'चे संवाद लिहिण्याचे काम मिळाले आणि त्याचे मानधन होते १५०० रुपये. पुढे मनमोहन देसाई यांच्या 'रोटी'साठी त्यांना एक लाख एकवीस हजार मिळाले. 'अमर अकबर अँथनी', 'मुकद्दर का सिकंदर' यांचे संवाद त्यांच्या लेखणीतून उतरले. तीनशेहून अधिक चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. खलनायक, विनोदी नट, प्रेमळ बाप, सर्व काही. ३१ डिसेंबर २०१८ रोजी टोरोंटो येथे त्यांचे निधन झाले आणि २०१९ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

त्यांच्या संवादांना चाळीतल्या माणसाची बोली आणि शिकलेल्या माणसाची शिस्त, दोन्ही लाभली. कामाठीपुरा त्यांनी पाहिला होता, म्हणून बोली आली. आईने शाळेत परत पाठवले होते, म्हणून शिस्त आली. नुसत्या बोलीवर ते चार-दोन चित्रपट टिकले असते.

इथवर मी यशाच्या गोष्टी सांगितल्या. एक दुःखाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र प्रामाणिक होणार नाही. १९५४ मध्ये फिल्मफेअर पुरस्कार प्रथमच दिले गेले. उत्कृष्ट अभिनेता ठरले दिलीपकुमार, 'दाग'साठी. उत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या मीनाकुमारी, 'बैजू बावरा'साठी. मीनाकुमारी म्हणजे महजबीन बानो. वडील अलीबक्ष हार्मोनियम वाजवीत, घरात ओढग्रस्त. १९३९ सालच्या 'लेदरफेस' या चित्रपटासाठी ही लहानगी पोर कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि घराचा संसार तिच्या इवल्याशा खांद्यावर आला. इतर मुली दप्तर घेऊन जात त्या वेळी ती स्टुडिओत जात असे. रीतसर शाळा तिच्या वाट्याला आलीच नाही. उर्दूचे वाचन आणि शायरी तिने स्वतःच्या हौसेने कमावली, 'नाज' या नावाने लिहिले. 'परिणीता', 'साहिब बीबी और गुलाम', 'पाकीजा' या चित्रपटांतला त्यांचा अभिनय विसरणे शक्य नाही. पण लग्नातली दुरावस्था, मद्य, आजार यांनी ते आयुष्य पोखरले. 'पाकीजा' फेब्रुवारी १९७२ मध्ये लागला आणि ३१ मार्च १९७२ रोजी त्या गेल्या. चाळिशीही गाठली नाही. मधुबाला यांचीही कथा फार वेगळी नाही. लहानपणीच पडद्यावर आलेल्या, मोठे कुटुंब पोसणाऱ्या त्या मुलीचे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हृदयाच्या विकाराने निधन झाले.

मी कोणाच्या आईबापांना दोष द्यायला उभा नाही. भूक काय करायला लावते हे पोट भरलेल्या माणसाने सांगू नये. पण कादर खान यांची आई आणि मीनाकुमारी यांचे वडील, या दोघांपुढे प्रश्न एकच होता. घरात पैसा नाही, मूल हुशार आहे, ते आज कमावू शकते. एकाने मुलाला शाळेत परत पाठवले, दुसऱ्याने स्टुडिओत. दोन्ही मुले कीर्तिमान झाली. फरक पडला तो संकट आले तेव्हा. शिकलेल्याजवळ परतीची वाट होती. चित्रपट मिळाले नाहीत तर कादर खान वर्गात उभे राहून मानाने भाकरी मिळवू शकले असते. महजबीनला जन्मापासून एकच दार उघडे होते. आज आपल्या वस्तीत गॅरेजमध्ये, बेकरीत, जरीच्या कारखान्यात जाणारी मुले आहेत. मोबाइलवर नाचून-बोलून दोन पैसे मिळू लागले म्हणून शाळेला रामराम ठोकणारी मुलेही आहेत. स्टुडिओ बदलला आहे. प्रश्न बदललेला नाही.

आणखी दोन नावे थोडक्यात. इब्राहिम अल्काझी यांचा जन्म १९२५ मध्ये पुण्यात एका अरब व्यापाऱ्याच्या घरी झाला. पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट शाळेत ते शिकले, नंतर लंडनच्या राडा या नामांकित नाट्यसंस्थेत. १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षे ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नासिरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी यांच्यासारखी मंडळी त्यांच्या हाताखाली घडली. ते वक्तशीरपणाचे आणि स्वच्छतेचे इतके कडवे होते की नाटक ही हौस नसून विद्या आहे, हे विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात कळे. दुसरे नाव फारूख शेख यांचे. घराणे जमीनदारांचे, वडील वकील, स्वतः मुंबईच्या सिद्धार्थ लॉ कॉलेजातून कायद्याचे पदवीधर. 'गरम हवा'त त्यांनी नाममात्र ७५० रुपयांवर काम केले. शबाना आझमी यांच्याबरोबर 'तुम्हारी अमृता' हे नाटक १९९२ पासून दोन दशके केले. त्या नाटकात दोन खुर्च्या आणि हातातली पत्रे यांपलीकडे काही नव्हते. सारा खेळ भाषेचा आणि आवाजाचा. गर्दी होई ती त्यासाठी.

आता हा सर्व हिशेब एकत्र मांडू. अमर शेख गरीब, जोहरा खानदानी, यूसुफ व्यापाऱ्याचे, कादर कामाठीपुऱ्यातले. यांच्यात समान असे काय आहे? पहिली गोष्ट भाषा. यांतला प्रत्येक जण एक भाषा पुरी जाणत होता आणि दुसरीचा द्वेष करीत नव्हता. दुसरी गोष्ट, प्रत्येकाने दुसरे काही तरी काम केले होते. कोणी गिरणीत, कोणी कँटीनमध्ये, कोणी वर्गात. श्रमाची लाज कोणी बाळगली नाही. तिसरी गोष्ट तालीम. आपल्या भाषेत तालीम या शब्दाचे दोन अर्थ आहेत, शिक्षण आणि सराव. या माणसांच्या आयुष्यात ते दोन्ही अर्थ एकच होते. आणि चौथी गोष्ट, प्रत्येकाच्या पाठीशी बहुधा एखादे घरचे माणूस उभे होते. ओव्या गाणारी आई, भाचीला मोटारीतून नेणारा मामा, मुलाला शाळेत वळवणारी आई.

पालकांना माझे सांगणे एवढेच. मुलाने नाटकात काम करायचे म्हटले तर हात उगारू नका. तो कोणते नाटक करतो आहे ते विचारा, पाठ म्हणून दाखव म्हणा, त्याचा उच्चार सुधारा. आणि त्याच वेळी त्याला ठामपणे सांगा की निदान पदवीपर्यंत पुस्तक सुटणार नाही. मुलगी म्हणाली तर तिलाही हेच सांगा, वेगळे काही सांगू नका.

विद्यार्थ्यांनो, पडद्यावर दिसतो तो नट. त्याच्या मागे दहा वर्षांची जी मेहनत असते ती कोणी दाखवत नाही. ती शोधून वाचा. आरशासमोर केस फिरवून दिलीपकुमार होता येत नाही. उर्दूचा, मराठीचा, इंग्रजीचा एक उतारा रोज मोठ्याने वाचा. तलफ्फुज शुद्ध करा. नट झालात तर ते कामास येईल; वकील, मास्तर, डॉक्टर झालात तरी कामास येईल.

आणि संस्थेच्या चालकांकडे एक मागणी. बक्षिसे वाटली, छान झाले. पुढच्या वर्षी या मंचावर मुलांनी बसवलेले एक नाटक होऊ द्या. मराठीत असो वा उर्दूत. ग्रंथालयात नाटकांचे एक कपाट ठेवा. वक्तृत्वाला जसे ढाल-चषक आहेत तसे नाट्यवाचनालाही ठेवा. खर्च फार येत नाही. घाबरणारी, खाली मान घालून बोलणारी मुले शंभर माणसांसमोर स्पष्ट आवाजात चार वाक्ये बोलू लागली, तर नोकरीच्या मुलाखतीत, कोर्टात, सरकारी कचेरीत त्यांचा आवाज दबणार नाही. आपल्या समाजाला आज त्या स्पष्ट आवाजाची फार गरज आहे.

 बक्षीस मिळवणाऱ्या सर्व विद्यार्थी-विद्यार्थिनींना मुबारकबाद, आणि ज्यांना ते आज मिळाले नाही त्यांनाही पुढील वर्षासाठी शुभेच्छा. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.